आयर्विन, माने आणि वानलेसवाडी: इंग्रजी उच्चार आणि नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत मी गेली बरीच वर्षं इंग्रजीचे वर्ग घेते. व्याकरणाचे प्रश्न वर्गात येतात, उच्चारांचे आणि नावांचे जिन्यात. वर्ग सुटतो, पोरं चपला शोधत असतात आणि कुणीतरी मागे रेंगाळून म्हणतं, "मॅडम, एक विचारू का?" साताऱ्याहून, कऱ्हाडहून, मिरजेहून येणारे पालकही तेच विचारतात. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. ज्याचं उत्तर लांबलं ते लांबू दिलंय, ज्याचं दोन ओळींत संपलं ते तिथेच सोडलंय.

पुलाचं नाव "आयर्विन" बरोबर की "अर्विन"?

सांगलीत असाल तर आयर्विनच. पावसाळ्यात इथे नमस्काराच्या आधी "आयर्विनला किती फूट?" असं विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी कुणी "अर्विन" म्हणालं तर आधी लोक विचारतील, हा कुठला पूल?

पण ज्या व्हाइसरॉयचं नाव १९२९ मध्ये या पुलाला दिलं, तो स्वतःचं नाव "अऽविन" असं काहीसं सांगत असणार. पहिला स्वर "बर्ड"मधला, आणि र जवळजवळ गिळलेला. आपण "आय" कुठून आणला? अक्षराच्या नावातून. आय-आर असं पुढ्यात आलं की आपल्याला आयर्लंड आठवतं, आयरिश आठवतं, मग हाही आयर्विन. तर्क अगदी सरळ आहे. इंग्रजी सरळ नाही, त्याला आपण काय करणार? शिवाय ही एकट्या सांगलीची करामत नाही. शाळेच्या इतिहासात सगळ्या महाराष्ट्राने १९३१ चा "गांधी-आयर्विन करार"च पाठ केलाय.

यात एक गंमत आहे. हे गृहस्थ जन्माला आले एडवर्ड वूड म्हणून. १९२५ मध्ये ते लॉर्ड आयर्विन झाले आणि १९३४ मध्ये वडिलांच्या मागे लॉर्ड हॅलिफॅक्स. इंग्लंडच्या इतिहासात ते हॅलिफॅक्स म्हणूनच ओळखले जातात. जे नाव त्यांनी जेमतेम नऊ वर्षं वापरलं, ते आमच्या कृष्णेवर कायमचं बसलंय.

इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात दुसरंच. असं का?

कारण लिहिणं थांबलं आणि बोलणं पुढे गेलं.

साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने त्याला स्वरांचं महास्थित्यंतर अशा अर्थाचं नाव दिलं. शिडीवर माणसं उभी आहेत आणि प्रत्येकजण एक पायरी वर सरकतोय असं समजा. "आ" वर सरकत "ए"पाशी पोचला, "ए" वर जाऊन "ई" झाला, "ओ"चा "ऊ" झाला. सर्वात वरच्या पायरीवरच्या "ई" आणि "ऊ"ला पुढे जागाच नव्हती, ते फुटून "आइ" आणि "आउ" झाले. म्हणून आजचं "टाइम" तेव्हा "टीम"सारखं ऐकू यायचं, "हाउस" म्हणजे "हूस", "मून" म्हणजे "मोन" आणि "फीट" म्हणजे "फेट".

नेमकं याच गडबडीत, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला. छापलेलं स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेलं आणि जीभ मात्र चालतच राहिली. आपण आज जे स्पेलिंग घोकतो ते बरंचसं त्या जुन्या उच्चारांचं आहे.

हे मुलांना पटवायला मी एक गोष्ट सांगते. महास्थित्यंतराच्या आधी इंग्रज पोरं "ए, बी, सी, डी" म्हणत नव्हती. ती म्हणायची "आ, बे, से, दे". "आय" या अक्षराचं नाव तेव्हा "ई" होतं. फ्रेंच पोरं आजही "आ, बे, से, दे"च म्हणतात.

आडनाव "माने". स्पेलिंग एम-ए-एन-ई. परदेशी लोक "मेन" का वाचतात?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला गेलाय, कारण आपल्या भागात माने पुष्कळ. वर्गातला एक मुलगा होता, गाव म्हसवडकडचं. पुण्याच्या कंपनीची फोनवरून मुलाखत होती. ठरल्या वेळी फोन आला, पलीकडून बाई म्हणाल्या, "इज दॅट मिस्टर मेन?" हा म्हणाला, "सॉरी, राँग नंबर," आणि ठेवून दिला. नंतर दिवसभर फोनकडे बघत बसला. संध्याकाळी पुन्हा फोन आला म्हणून बरं, नाहीतर नोकरी आडनावापायी गेली असती.

आता कारण. इंग्रजीत शेवटी "ई" आला की तो बोलत नाहीत आणि आधीचा "ए" लांबवतात: नेम, गेम, लेन. त्याच रांगेत मेन. मेन म्हणजे घोड्याची आयाळ. आपले मोरे होतात "मोर", काळे होतात "केल", गोरे होतात "गोर", काटे होतात "केट".

पण सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजासमोर तुमच्या पाटीवरचं एम-ए-एन-ई धरलं असतं तर? तेव्हा "ए" म्हणजे "आ" होता आणि शेवटचा "ई" मुका नव्हता, हलकेच बोलला जायचा. "नेम" हा शब्द तेव्हा "नामऽ" असा होता. म्हणजे त्याने तुमचं आडनाव "मानऽ" असं वाचलं असतं, जवळजवळ बरोबर! आपण रोमन अक्षरं लॅटिनच्या जुन्या हिशोबाने वापरतो, इंग्रज महास्थित्यंतरानंतरच्या. आपलं स्पेलिंग चुकलेलं नाही. त्यांचा काटा पुढे सरकलाय.

मग आडनावाचं स्पेलिंग बदलू का? शेवटी "वाय" लावला तर?

माझं मत विचाराल तर नको. एक वाय लावला की जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, पॅन, बँक, सातबारा, सगळीकडे धावाधाव. राजपत्रात नाव छापून आणा, मग त्याच्या प्रती घेऊन फिरा. आणि एवढं करून समोरचा "मॅनी" म्हणाला तर?

त्यापेक्षा नाव सांगताना एक वाक्य तयार ठेवा: "'मामा'मधला मा आणि 'नेबर'मधला ने." दोन सेकंदांचं काम आहे. लोक मनापासून शिकतात, फक्त पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. वर्षभर "मेन" ऐकून घेतलं आणि मग सांगितलं तर बिचारा साहेब ओशाळतो.

मुलाचं नाव नव्यानेच लिहायचं असेल तर मात्र आधी विचार करा आणि सगळ्या कागदांवर एकच स्पेलिंग ठेवा. अंकशास्त्राच्या नादाने दोन ए, तीन ए, शेवटी एक एच असं करणारे पालक मला भेटतात. त्यांच्या मुलांना पुढे विमानतळावर तिकीट एक आणि पासपोर्ट दुसरा असा प्रसाद मिळतो.

वानलेसवाडीतला "वानलेस" कोण? आणि त्याचं खरं नाव काय होतं?

डॉ. विल्यम जेम्स वानलेस. जन्म कॅनडातला, आले मिशनरी डॉक्टर म्हणून, आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. मिरज पुढे दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं गेलं त्याची सुरुवात इथली. सांगली-मिरज बसमध्ये कंडक्टर "वानलेसवाडी, वानलेसवाडी" पुकारतो तेव्हा परक्या माणसाला वाटतं, वानले नावाचं कुठलंतरी जुनं घराणं असेल.

आजच्या इंग्रजीत हे नाव "वॉन्लेस"च्या जवळ जातं. डब्ल्यूनंतरचा "ए" इंग्रजीत "ऑ"कडे वळतो: वॉश, वॉच, वॉन्ट. पण हे वळणही साधारण सतराव्या शतकातलं. त्याआधी तो "आ"कडेच होता. आपण मात्र डब्ल्यू-ए म्हणजे "वा" असं वाचायला वाई आणि वाळव्याच्या पाट्यांवर शिकलो. त्यामुळे आमच्या कंडक्टरचा "वानलेस" हा आजच्या इंग्रजापेक्षा जुन्या इंग्रजाला ओळखीचा वाटला असता. हे मी अभिमानाने सांगते, आणि त्यात थोडासा खट्याळपणा आहे हेही कबूल करते.

महाबळेश्वरच्या पॉइंटांची नावं कुणाची?

बरीचशी साहेबांची, आणि साहेबांच्या घरच्यांची. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन हे थंड हवेचं ठिकाण वसवलं गेलं. वस्तीचं नाव पडलं मालकम पेठ. विल्सन पॉइंटाला आधी सिंदोळा म्हणायचे. आताचं नाव १९२० च्या दशकातले गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. केट्स पॉइंट आधी नाके खिंड होता. केट ही माल्कम साहेबांची मुलगी.

"माल्कम"मध्ये इंग्रजीत दोन एल लिहितात आणि बोलतात एकच. नाव मूळचं स्कॉटलंडमधल्या गेलिक भाषेतलं, अर्थ "संत कोलंबाचा सेवक". म्हणजे सज्जनगडावर एक "दास" आधीपासून होते आणि पलीकडच्या डोंगरावर हे दुसरे आले. पेठ आपली, दास त्यांचा.

आणि हो, केट या नावाचं स्पेलिंग के-ए-टी-ई. आमच्या वर्गातल्या काटे आडनावाच्या मुलीने तिथल्या पाटीखाली उभं राहून फोटो काढलाय आणि खाली लिहिलंय, "आमचा पॉइंट".

"सातारा" पूर्वी दोन टी घालून लिहायचे हे खरं का?

खरं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत एस-ए-डबल टी-ए-आर-ए दिसतं. कृष्णेचं "किस्टना" दिसतं. साताऱ्याला रेसिडेंट म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्याच्या नावातच मराठ्यांचं स्पेलिंग एम-ए-एच-आर असं सुरू होतं, एच आधी आणि आर नंतर. टिळकांच्या मंडळींनी १८८१ मध्ये इंग्रजी पत्र काढलं, त्याच्या नावातही तेच स्पेलिंग.

त्या काळी साहेब कानाला जसं लागेल तसं लिहायचा. ऊ ऐकला की डबल ओ, ई ऐकली की डबल ई. म्हणून पुण्याचं "पूना". विल्यम जोन्सने १७८८ मध्ये वेगळा मार्ग सुचवला होता: प्रत्येक देशी अक्षराला एक ठरलेलं रोमन अक्षर, स्वर लॅटिनसारखे. पुढे १८७० च्या दशकात विल्यम हंटरने त्याच धर्तीवर सरकारी पद्धत बसवली. पण ज्या गावांची स्पेलिंगं आधीच रुळली होती त्यांना हात लावला नाही, म्हणून पूना आणि बॉम्बे तसेच राहिले. सातारा लहान गाव, त्याचा एक टी मुकाट गळाला.

जतच्या स्पेलिंगमध्ये शेवटी "एच" कशाला? आणि कऱ्हाडचा "ऱ्ह" कुठे गेला?

जत कर्नाटकाला लागून. कन्नड मुलखात "त"साठी टी-एच लिहायची रीत आहे आणि नुसता टी म्हणजे "ट". म्हणूनच तिकडच्या गीता, संगीता एच लावून येतात. जत संस्थानाचं इंग्रजी नावही टी-एच लावूनच लिहायचे. पुण्या-मुंबईचा माणूस ते "जथ" वाचतो आणि जतकर हसतात.

कऱ्हाडचं दुखणं वेगळं. "ऱ्ह" रोमनमध्ये लिहायचा कसा? के-ए-आर-ए-डी लिहिलं आणि मग त्या पाटीवरून मराठीतही "कराड" रुळलं. वर्तमानपत्रांत आजही दोन्ही दिसतात. इथे आपल्या बोलण्यावर स्पेलिंगने कुरघोडी केलीय, आयर्विनसारखीच, फक्त उलट दिशेने. वाळव्याच्या "ळ"चंही तेच. रोमनमध्ये त्याला अक्षरच नाही, आणि परगावचा माणूस सरळ "वालवा" म्हणून मोकळा होतो.

(वडूजच्या लोकांसाठी: शेवटी जे ऐवजी झेड लिहू नका. ती लिख्टेनस्टाइन देशाची राजधानी आहे आणि तिचा उच्चार "फादुट्स" असा काहीतरी होतो.)

"टेशन", "हापिस", "मास्तर" हे अशुद्ध आहे का?

नाही. शब्द दुसऱ्या भाषेत राहायला आला की त्याला त्या घरचे कपडे घालावे लागतात. मराठीला शब्दाच्या सुरुवातीचा "स्ट" जड जातो. उत्तरेकडे पुढे "इ" जोडून "इस्टेशन", "इस्कूल" करतात. आमच्याकडे सरळ "स" टाकून देतात आणि "टेशन" होतं. महाबळेश्वरच्या रस्त्यावर टोपली घेऊन बसलेल्या मावशी "ष्टॉबेरी" म्हणतात. तुम्ही घ्या, गोडच असते.

काही शब्द तर इतके मुरलेत की मूळ ओळखू येत नाही. रॉकेल म्हणजे रॉक ऑइल. घासलेट म्हणजे गॅसलाइट. मास्तर म्हणजे मास्टर, आणि त्याला "तर" असा मऊ शेवट देऊन आपण त्याला इतका आपला केला की "मास्तरीण"सुद्धा तयार झाली. हापूस हा पोर्तुगीज अफोन्सो. लष्करात पहारेकरी अंधारात ओरडायचा, "हू कम्स देअर?" त्याचं देशी शिपायांच्या तोंडी झालं "हुकुमदार". यात चूक कुठे आहे? मला तर अर्थासकट बसवलेला शब्द वाटतो. अंधारात बंदूक रोखून उभा असलेला माणूस हुकुमदारच की.

माझं एवढंच म्हणणं असतं: मराठी बोलताना टेशन म्हणा, इंग्रजी बोलताना स्टेशन म्हणा. दोन्ही यायला हवं.

"क्लार्क" की "क्लर्क"? "लेफ्टनंट" की "लूटेनंट"? अमेरिकेत इंग्रजी बिघडलंय का?

आपण ब्रिटिशांकडून घेतलं म्हणून क्लार्क आणि लेफ्टनंट. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीतल्या कितीतरी "एर"चा "आर" झाला; क्लार्क आणि सार्जंट त्यातले. अमेरिकनांनी क्लार्कच्या बाबतीत स्पेलिंगचं ऐकलं, आणि लेफ्टनंटच्या बाबतीतही. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी गावात जाऊन "लूटेनंट" म्हणून बघा. जिथे गावाच्या नावातच मिलिटरी आहे, तिथे तुमचा उच्चार दुरुस्त करायला घराघरातून माणसं उठतील.

बिघडण्याचं म्हणाल तर, दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांनी स्वरानंतरचा र साधारण अठराव्या शतकात सोडायला सुरुवात केली. बहुतेक अमेरिकनांनी तो ठेवला. "कार"मधला र अमेरिकेत ऐकू येतो, लंडनमध्ये नाही. या बाबतीत जुनं कोण आणि नवं कोण, तुम्हीच सांगा. आपण मराठी माणसं र खणखणीत वाजवतो, त्याबद्दल मी कुणाचे गुण कापत नाही.

न बोलली जाणारी अक्षरं लिहायचीच कशाला?

काही खरीच बोलली जायची. "नाइफ"मधला के, "नाइट"मधला के आणि जी-एच: सरदार या अर्थाचा नाइट एकेकाळी "क्निख्त" होता. काही मात्र पंडितांनी घुसवली. कर्जाच्या "डेट"मध्ये बी कधीच बोलला जात नव्हता. लॅटिनमध्ये आहे म्हणून विद्वानांनी लिहायला लावला. "आयलंड"मधला एस चुकीच्या समजुतीने आला. पोरं विचारतात, मग आम्ही का पाठ करायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त परीक्षा आहे.

चहाचा "टी" आधी "टे" होता म्हणे?

होता. अलेक्झांडर पोपने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला "टी"चं यमक "ओबे"शी जुळवलंय, आणि तेव्हा ते चोख जुळत होतं. "जुलै"वरचा जोरही तेव्हा पहिल्या अक्षरावर असायचा, "जूली"सारखा.

आपण इंग्रजी बोलताना लगेच ओळखू येतो. जीभ नेमकी कुठे अडते?

तीन ठिकाणी. पहिलं ट. इंग्रजीचा टी दातांमागच्या उंचवट्यावर लागतो. आपला त दातांना टेकतो, आपला ट जीभ मागे वळवून होतो. इंग्रजीचा मधला, आपल्या कानाने त्याला ट-च्या खान्यात टाकलं. दुसरं, टी-एच. आपण थ म्हणतो, तिथे हवा अडते. इंग्रजीत ती दातांतून घासत जाते. तिसरं, व्ही आणि डब्ल्यू. मराठीने याला छान तोडगा काढलाय: व्ही असेल तर "व्ह" लिहितात, व्हॅन, व्हाइसरॉय. हिंदीत असं करत नाहीत. लिहिताना फरक करणारे आपण बोलताना मात्र "वेस्ट" आणि "व्हेस्ट" एकच करतो. डब्ल्यूला ओठांचा चंबू, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर. आरशासमोर दहा वेळा करा, घरचे हसतील, हसू द्या.

निदान मराठीत तरी लिहितो तसंच बोलतो ना?

असं सगळे म्हणतात, म्हणून मी फळ्यावर "सिंह" लिहिते आणि वाचायला सांगते. सगळा वर्ग म्हणतो "सिंव्ह". तो "व" कुठे लिहिलाय? "संशय" लिहिते, वर्ग म्हणतो "संव्शय".

मग "ज्ञ". लिहिताना ज आणि ञ. मराठीत "द्न्य", हिंदीत "ग्य", गुजरातीत "ग्न". म्हणूनच आपली ज्ञानेश्वरी डी-एन-वाय अशी रोमनमध्ये जाते आणि दिल्लीचा माणूस बुचकळ्यात पडतो. ऋ आपल्याकडे "रु", उत्तरेत "रि". एकच ऋतुजा दोन पासपोर्टांवर दोन नावांची होते. "ष" आणि "श" तोंडात कधीच एक झालेत, शुद्धलेखनात तेवढे वेगळे आहेत. म्हणजे कॅक्स्टनच्या लोकांना हसायचं कारण नाही. आपलंही लिहिणं आजोबांचं आणि जीभ नातवाची.

शिवाय आता इंग्रजी उलटी आपल्या घरात शिरलीय. शहरातली मुलं "फळ" आणि "फूल" म्हणताना ओठ दातांना लावतात, फॅनमधल्या फ-सारखे. आजी ओठ मिटून फ म्हणते. एकाच जेवणाच्या ताटाभोवती दोन फ ऐकू येतात. मी दुरुस्त करत नाही, फक्त ऐकते.

मराठीत "येशू", इंग्रजीत "जीझस". एकाच नावाचे दोन उच्चार कसे?

मूळ हिब्रू नाव "येशूअ" असं. मराठी त्याच्या जवळ राहिली. इंग्रजीकडे ते ग्रीक आणि लॅटिनमधून फिरत आलं, आणि "य"साठी लिहिलेल्या अक्षराचा फ्रेंचांच्या संगतीने "ज" झाला. याच वाटेने योहानचा जॉन झाला. स्पेनमध्ये तोच हुआन, रशियात इव्हान, अरबीत याह्या. आणि महास्थित्यंतराने शिमोनचा सायमन, मिखाएलचा मायकल केला. मिरजेतल्या ख्रिस्ती घरांत योहान आणि जॉन दोन्ही नावं भेटतात.

आडनाव शाळेत बदललं तर ते खरं आडनाव म्हणायचं का?

साताऱ्यात बसून हा प्रश्न विचारावा आणि उत्तर शेजारीच असावं! ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरमध्ये एका मुलाचं नाव नोंदलं गेलं: भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव कोकणातलं आंबडवे. आज सकपाळ हे नाव किती जणांना ठाऊक आहे? तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

फोनमधला नकाशा गावांची नावं काहीच्या बाही वाचतो. त्याचं काय करायचं?

हसायचं. तो इंग्रजी स्पेलिंग बघून अंदाज बांधतो, ग्रँट डफच्या काळातल्या साहेबासारखाच. मध्ये पावसात रिक्षाने घरी येत होते. काकांनी नवीन फोन समोर लावला होता आणि त्यातली बाई दर चौकाला सांगत होती, "टुवर्ड्स मिराज." मिरजेचं मृगजळ करून टाकलं होतं तिने. पुष्पराज चौकात तिसऱ्यांदा "मिराज" झालं तेव्हा काकांनी मागे वळून न बघताच मला सांगितलं, "परगावची दिसतीया."